बारवेची चौथी बाजू

आमच्या गावच्या मठाचा जीर्णोद्धार झाला, आणि त्याचा मला राग आहे. कुणी विचारलं तर मी हे असंच सरळ सांगते. बीडला मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या एक बाई परवा म्हणाल्या, "मठ पडायला आला तेव्हा तुम्हीच हळहळत होता ना? आता छान उभा राहिला तर कसला राग?" मी म्हटलं, "उभा राहिला त्याचा नाही हो. आमच्या गाईंना बाहेर काढून उभा राहिला, त्याचा." बाई हसल्या. गाईंचं कुणी इतकं मनावर घेतं का, असा तो हसण्याचा अर्थ होता. मग मी गप्प बसले, कारण शाळेच्या मधल्या सुट्टीत हे सांगून होत नाही.

गाव शिरूर कासार तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. दारांना कुलपं लागतात, मागं म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरतात. आमच्या घराला मात्र कधी कुलूप लागलं नाही. आमची पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारी माणसं. तांबड्या गाईंचं खिल्लार घरात, त्यांना सोडून कोण जाणार? म्हणून माझ्या आईनं हातात कोयता घेतला नाही, म्हणून माझी शाळा कधी मधेच सुटली नाही. माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीनंतर आई-बापाबरोबर फडावर जायच्या आणि पुढच्या साली पुन्हा माझ्या मागच्या इयत्तेत बसायच्या. मी शिकले ती हुशार होते म्हणून असं लोक म्हणतात. मी शिकले ती घरी गाई होत्या म्हणून, आणि गाई होत्या त्या मठाच्या बारवेला पाणी होतं म्हणून. एवढं एक लक्षात घेतलं की माझा राग कळायला सोपा जातो.

मठ कुणी बांधला याबद्दल गावात एकमत आहे, कधी बांधला याबद्दल नाही. पहिले महाराज कुठून तरी चालत आले आणि या उजाड टेकडीखाली राहिले. आधी एक झोपडी, मग देवाचा गाभारा, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ओवऱ्या, मग सगळ्यांना जेवू घालणारं स्वयंपाकघर. माणसं वाढली तसं पाणी पुरेना. तेव्हा महाराजांनी बारव बांधायला काढली. दगड डोंगरात, बारव खाली. दगड ओढायला बैल हवेत, आणि बैल होते आमच्या लोकांकडे. चुना मळायलाही बैलच. मठाच्या मागं ती चुन्याची घाणी अजून आहे, म्हणजे जमिनीत दगडानं बांधलेला गोल चर. त्यात दगडी चाक फिरायचं, चाकाला बैल जुंपायचे आणि चुना लोण्यासारखा होईपर्यंत गोल गोल फिरवायचे. हे सगळं माझे वडील, म्हणजे आमचे आबा, असं सांगायचे की जणू काल सकाळी ते स्वतः तिथं कासरा धरून उभे होते.

"मंग महाराज म्हनले, मजुरी काय देऊ?" आबा सांगायचे. "आपल्या मान्सांनी मजुरी मागितलीच न्हाई. ते म्हनले, आमाला एक बाजू द्या."

म्हणून ती बारव तशी आहे. तशी होती. चौकोनी बारव, तीन बाजूंनी माणसांसाठी उंच उंच पायऱ्या, आणि चौथ्या बाजूला पायरी नाही, नुसता उतार. काळ्या दगडाच्या लांब फरशा, आणि प्रत्येक फरशीवर आडव्या खाचा मारलेल्या, खुराला धर मिळावा म्हणून. गावात तिला 'उतरण' म्हणायचे. त्या खाचांच्या कडा इतक्या वर्षांत खुरांनी गुळगुळीत झाल्या होत्या, पण खाचा बुजल्या नव्हत्या. लहानपणी मी म्हाताऱ्या गाईचं शेपूट धरून त्या उतरणीनं खाली जायची. पाण्याजवळ पोहोचलं की गार वारा अंगाला लागायचा आणि सगळ्या गाई एकदम माना खाली घालायच्या. तो घोट घेण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

आणखी एक रीत होती. गुरं पेल्याशिवाय देवाच्या आंघोळीचं पाणी निघायचं नाही. महाराजांनीच तसं घालून दिलेलं. रोज सकाळी मठाचे गुरव रिकामा कलश घेऊन समोरच्या पायरीवर बसून राहायचे. आमच्या गाई उतरणीनं खाली यायच्या, प्यायच्या, वर जायच्या. मग गुरव उठून कलश बुडवायचे. आबांना कधी उशीर झाला तर गुरव तिथूनच ओरडायचे, "आबा, ये की बाबा लवकर, देव पारोसा बसलाय माझा!" आणि आबा उलट ओरडायचे, "देवाला सांग, गाय व्यालीय, जरा कळ काढ." दोघंही हसायचे. गावात कुणाला यात काही विशेष वाटत नव्हतं, मलाही वाटत नव्हतं.

मठ एका दिवसात पडला नाही. शेवटच्या महाराजांच्या मागं गादीवर कुणी बसलं नाही. मठाची जमीन शेजारच्या बांधांनी थोडी थोडी खाल्ली. स्वयंपाकघराचं छत एका पावसात बसलं ते कुणी उचललं नाही. भिंतीत पिंपळ उगवला, तर पिंपळ कसा तोडायचा म्हणून त्याला पाणी घालणारे भेटले, पण भिंतीला टेकू देणारा भेटला नाही. ओवऱ्यांचे दगड रात्रीतून नाहीसे व्हायचे आणि कुणाच्या तरी गोठ्याच्या पायात दिसायचे. सगळ्यांना माहीत असायचं, सगळे मूग गिळून बसायचे. मग एका साली गावातल्या तरुण मंडळानं भक्तीच्या भरात गाभाऱ्याच्या कोरीव खांबांना चकचकीत ऑइलपेंट फासला. गुलाबी आणि पिवळा. काळ्या दगडातल्या त्या बारीक नक्षीत रंग गच्च बसला आणि पुतळ्यांची नाकं-डोळी सपाट झाली. फासणाऱ्यांनी त्यावर आपल्या मंडळाचं नावही लिहिलं.

या सगळ्या पडझडीत बारव तेवढी जिवंत राहिली, आणि ती गुरांमुळे राहिली. हे मी ठासून सांगते, कारण पुढं "गुरांनी बारवेचं वाटोळं केलं" असं माझ्या तोंडावर म्हणणारे निघाले. दुष्काळात बारवेचा तळ दिसला की आमच्याच भाऊबंदांनी गाळ काढायचा. पाट्या भरायच्या, त्याच उतरणीनं वर आणायच्या. नळ आल्यावर गावानं बारवेकडं पाठ फिरवली, बायका यायच्या बंद झाल्या, समोरच्या पायऱ्यांवर घाणेरीची झुडपं माजली. रोज तिथं जाणारे दोघंच उरले, आबा आणि गुरव. बाकी कुणाला तेव्हा मठाची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती निधी मंजूर झाल्यावर. तीर्थक्षेत्र, पर्यटन, असं काहीतरी जमून आलं आणि गावात एकदम सगळे मठाचे भक्त झाले. समिती झाली. समितीचे अध्यक्ष कोण होणार यात शंका नव्हतीच. गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, एकदा सरपंच होऊन गेलेले, पुढं तालुक्याच्या राजकारणात हातपाय मारत असलेले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. आजही म्हणते, तोंड कडू होतं तरी.

शहरातून एक वास्तुतज्ज्ञ साहेब आले. मला वाटलं होतं, हाच माणूस सगळं बिघडवणार. लोकांचीही तीच समजूत आहे की बाहेरच्या माणसाला काय कळणार. पण तसं झालं नाही, आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. त्या साहेबांनी काम नीट केलं. खांबांवरचा रंग हातानं खरवडून घेतला, दिवसेंदिवस. भिंती सिमेंटनं न लिंपता चुना मळून लिंपल्या. पुतळ्यांची नाकं पुन्हा दिसायला लागली तेव्हा मी स्वतः जाऊन बघून आले आणि मला भरून आलं. बारवेपाशी आल्यावर तर त्यांनी सरळ गावाला विचारलं. मठात बैठक बोलावली आणि म्हणाले, "तीन बाजूंना पायऱ्या आहेत, चौथीला उतार आहे. हा मुळातच असा आहे, की पायऱ्या निखळून गेल्यात? तुम्ही इथले आहात, तुम्ही सांगा."

हे मला गुरवांनी सांगितलं. ते तिथं कोपऱ्यात बसलेले होते.

अध्यक्ष म्हणाले, "पायऱ्याच होत्या, साहेब. ढासळल्या."

साहेबांनी पुन्हा विचारलं. खाचांवर बोट ठेवून विचारलं, हे काय मग? कुणीतरी म्हणालं, पाणी वाहून वाहून झालं असंल. साहेबांनी तिसऱ्यांदा सगळ्या बैठकीकडं बघून विचारलं, आणि सगळ्या बैठकीनं माना हलवल्या. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या उतरणीनं बैल पाजले त्यांनीही हलवल्या. पाहुण्यासमोर, फेटे बांधून, सतरंजीवर बसलेलं आमचं गाव. आमच्या पवित्र मठात गुरं शेण टाकत उतरतात, हे शहरातल्या माणसाला सांगायची गावाला लाज वाटली. आजवर कधी न वाटलेली लाज त्या एका दुपारी वाटली. आणि आबा? आबा गाई घेऊन डोंगराला गेलेले. बैठका दुपारीच होतात आणि गुरं राखणारा दुपारी गावात नसतो, हे काय अध्यक्षांना माहीत नव्हतं?

"मंग तुमी कावून बोल्ला न्हाईत?" मी गुरवांवर ओरडले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण मी ओरडलेच.

ते म्हणाले, "माय, मी देवाचा नौकर. आन् देव आता समितीचा हाय."

मला हे सगळं कळलं तोवर उतरणीच्या फरशा उखडून झाल्या होत्या. मी त्या साहेबांना फोन लावला. बिचारा माणूस ऐकत राहिला. म्हणाला, "बाई, मी तीन वेळा विचारलं हो. एकानं जरी सांगितलं असतं तरी मी हात लावला नसता. आता समितीनंच आपलं म्हणणं मागं घेतलं तर काहीतरी करता येईल." मग मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. नवा बंगला बांधायला घेतलाय, येत्या मार्चपर्यंत होईल, असं त्यांनीच आधी सांगितलं. मी विषय काढला.

"आगं बाई, तू शिकलेली पोरगी," ते म्हणाले. "गुरं काय आता बारवेत पाजत असतेत व्हय? लोकं बाहेरगावहून येनार, फोटू काढनार. तिथं शेनाचा वास बरा दिसंल का?"

"काका, ती बाजू गुरांचीच आहे. तुम्हाला माहीत आहे."

"कोन म्हनतं? तुझा बाप?" ते हसले. "त्याला सांग, बाहेर हौद बांधून देतो. तोटी फिरिवली की पानी. अजून काय पायजे?"

हौद खरंच बांधला. निळ्या रंगाचा, त्यावर समितीचं नाव. तोटीही बसवली. तोटीत पाणी मात्र कधी आलं नाही, कारण ती नळाला जोडायची राहिली होती. ती आजतागायत राहिलेली आहे. दर वेळी विचारलं की उत्तर एकच, "होऊन जाईल." आबांनी एकदा उतरणीच्या जागी बांधलेल्या नव्या पायऱ्यांनी गाई उतरवून बघितल्या. पुढची कालवड तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि गुडघे फोडून घेतले. तिला वर काढायला चार माणसं लागली. दुसऱ्या दिवशी तिथं लोखंडी फाटक बसलं, 'जनावरे आत आणू नयेत' अशी पाटी लागली. त्याच फाटकाशेजारी बारवेचा इतिहास सांगणारा मोठा फलक आहे. त्यावर सुरेख अक्षरांत लिहिलंय की या बारवेत देवाआधी गुरांना पाणी पाजण्याची थोर परंपरा आहे. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही पाट्या एकाच रंगाऱ्यानं एकाच दिवशी रंगवल्यात.

उद्घाटन वसुबारसेला ठरलं, तोवर देवाच्या आंघोळीला बारवेचं पाणी काढायचं नव्हतं. गाईचा सण, गुरांची परंपरा, सगळं कसं जुळून आलेलं. तालुक्याचे मोठे पुढारी येणार होते. आदल्या दिवशी अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"आबा, उद्या एक गाय पायजे. वासरासकट. चांगली सजवून आन. फाटकापशी उभी करायची, बादलीनं पानी वर काढू, ती पेली की गुरव कलश भरंल. रीत बी झाली, फोटू बी झाला."

मला वाटलं आबा आता काठी उगारतात. आबा म्हणाले, "आनतो."

अध्यक्ष गेल्यावर मी आबांवर तुटून पडले. तुम्हाला काही वाटतं की नाही, त्यांनी आपल्याला उतरणीवरून हाकललं आणि तुम्ही त्यांच्या फोटोला गाय देता? आबा गाईच्या शिंगांना लावायला हिंगूळ घोटत बसले. ते रागावले की बोलत नाहीत आणि मी रागावले की थांबत नाही, त्यामुळे आमचं भांडण नेहमी असं एकतर्फी होतं. शेवटी मीच दमून झोपले.

सकाळी उठले तर आबा आणि म्होरकी गाय दोन्ही नाहीत. म्होरकी म्हणजे खिल्लाराच्या पुढं चालणारी, सगळ्यांत जुनी. थोड्या वेळानं आबा तिला घेऊन परत आले. कुठं गेलता विचारलं तर "फिरवून आनली" एवढंच म्हणाले. आम्ही तिला सजवली. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला कुंकू. मागं तिचं वासरू. मठापुढं मांडव घातला होता, भोंगे लागले होते. त्या साहेबांनाही बोलावलं होतं. ते मागच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

सत्कार झाले, भाषणं झाली. अध्यक्षांनी आपल्या भाषणात आमच्या पूर्वजांचे बैल, चुन्याची घाणी, महाराजांनी घालून दिलेली रीत, सगळं घोळून घोळून सांगितलं. आबांच्या तोंडून ऐकलेलं, शब्दसुद्धा आबांचे. म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत होतं! मग बारवेतून नव्याकोऱ्या स्टीलच्या बादलीत पाणी वर आणलं. बादलीला फुलांचा हार. अध्यक्षांनी आणि पुढाऱ्यांनी मिळून ती बादली म्होरकीपुढं धरली. फोटोवाले सरसावले.

म्होरकीनं बादलीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

लोक हसले. बादली दुसऱ्या बाजूनं धरली. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. कुणी म्हणालं हार काढा, बुजतीय. हार काढला. कुणी म्हणालं, गूळ टाका. गूळ टाकला. कुणी शीळ घातली, कुणी तिच्या मानेला खाजवलं, अध्यक्षांनी तिच्या नाकाला ओल्या हातानं पाणी लावलं, तर तिनं फुर्रकन ते त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडवलं. भोंग्यावरचा निवेदक आधी विनोद करत होता, मग त्याचे विनोद संपले. पुढारी घड्याळ बघायला लागले. गुरव कलश हातात घेऊन पायरीवर उभे. गाय पीत नाही तोवर कलश बुडत नाही, ही रीत आत्ताच भोंग्यावरून सगळ्या तालुक्याला सांगून झालेली. आबा कासरा धरून शांत उभे होते.

शेवटी पुढाऱ्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. अध्यक्षांनी गुरवांना हातानं खूण केली, चल, भर. गुरवांनी आबांकडं बघितलं. आबांनी खाली बघितलं. मला वाटत होतं गुरवांनी तो कलश खाली ठेवावा. मी मनातल्या मनात अक्षरशः किंचाळत होते, ठेवा, ठेवा तो खाली. गुरव वाकले आणि त्यांनी कलश भरला. बँड वाजला, टाळ्या पडल्या. इतक्या पिढ्यांत पहिल्यांदा देवाची आंघोळ गुरांच्या आधी झाली, आणि लोक पेढे खात घरी गेले.

वाटेत मी रडत होते, रागानं. आबांना म्हटलं, निदान गाईला तरी अपमान कळला, तुम्हाला नाही कळला.

आबा थांबले. म्हणाले, "जनावराला कुठं अपमान कळतो गं. तान्हेली असती तर त्या बादलीत बी पेली असती. घटाघटा पेली असती सगळ्यांसमोर. म्हनून तर पहाटंच वरच्या शेततळ्यावर नेऊन पोटभर पाजून आनली."

म्हातारा माणूस, काठीसुद्धा न उगारता भरल्या मांडवात सगळ्यांना ताटकळत ठेवून आला होता. पण त्यानं उतरण परत आली नाही. पाऊस परतीलाही आला नव्हता. होळीपर्यंत ओढा आटला, शेततळं आटलं. गावात टँकर यायचा तो माणसांपुरता. बारवेत मात्र पाणी होतं, फाटकाच्या गजांतून दिसायचं, हिरवंगार. आबांनी अध्यक्षांकडं फाटक उघडायची, बादल्यांनी पाणी वर काढू देण्याची परवानगी मागितली. स्वतः गेले, दारात उभे राहून मागितली. उत्तर आलं, पावित्र्य राखलं पाहिजे. मग आबांनी खिल्लार गोदाकाठी आत्याच्या गावाला पोचवायचं ठरवलं. पोचवायचं म्हणजे देऊन टाकायचं, हे ते बोलले नाहीत, पण घरात सगळ्यांना कळलं होतं. माझ्या भावानं दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीच्या एका मुकादमाकडं पुढच्या हंगामाचं विचारून ठेवलं. आमच्या घरानं कधी न धरलेला कोयता तो धरणार होता. त्याची मुलगी त्या वेळी तिसरीत होती. तिचं दप्तर खुंटीला लावलेलं मी बघितलं आणि मला घरात बसवेना.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन आले. सकाळी खिल्लार बाहेर काढलं. म्होरकी पुढं, तिच्यामागं सगळ्या, आबा काठी घेऊन बाजूनं, मी मागं. आदल्या दिवशी त्यांना धड पाणी मिळालं नव्हतं, जिभा बाहेर येत होत्या. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याला लागलो. तिथंच अध्यक्षांचा नवा बंगला. जागा रस्त्यापेक्षा खाली असल्यानं दारातून आत गाडी उतरवायला उतार बांधलेला. उताराच्या तळाशी पांढरी गाडी उभी, आणि एक गडी नळीनं ती धूत होता. साबणाचा फेस, बाजूला पाण्यानं काठोकाठ भरलेला मोठा ड्रम.

म्होरकी दाराशी आली आणि थबकली. तिनं पुढचा पाय त्या उतारावर ठेवला, जरा दाबून बघितला, आणि मग काहीही न बिचकता खाली उतरायला लागली. मी ओरडून धावले, आणि धावता धावता माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं.

काळे दगड. लांब फरशा. आडव्या खाचा, खुरांनी गुळगुळीत झालेल्या.

बैठकीत जिला ढासळलेल्या पायऱ्या म्हणाले होते, तीच ती उतरण. गाडीची चाकं घसरू नयेत म्हणून अख्खीच्या अख्खी उचलून आपल्या दारात बसवली होती, एकही फरशी उलटी न लावता. पायऱ्या म्हणे! आणि गाई एकामागं एक उतरत होत्या, रोजच्यासारख्या, रांगेनं, खाली पाणी आहे याची खात्री असल्यासारख्या. म्होरकीनं ड्रममध्ये तोंड घातलं. बाकीच्या तिच्याभोवती दाटल्या. जिला ड्रम मिळाला नाही ती फरशीवरचं साचलेलं प्यायला लागली.

अध्यक्ष बनियनवर बाहेर आले. "आरे! आरे हान की त्यास्नी! कुठं घुसलीत ही!"

आबा उताराच्या वरच्या टोकाला उभे होते. ते खाली वाकले, एका खाचेवरून हात फिरवला आणि सरळ उभे राहिले.

"घुसली न्हाईत," ते म्हणाले. "त्यायची वाट हाय. त्यायला पायानं कळली."

अध्यक्षांनी फरशांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. गडी बावचळून उभा होता, नळीतून पाणी नुसतं वाहत होतं, अर्ध्या गाडीवर फेस वाळायला लागला होता. त्यानं चाचरत आबांना विचारलं की गाडी धुवायची राहिलीय, काय करू?

आबांनी त्याच्या हातातली नळी घेतली आणि ड्रममध्ये सोडली.

"थांब जरा," ते म्हणाले. "आधी गुरं."